चिनी आणि जपानी भाषांतले वडील: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

पुण्यात जपानी शिकणारे गल्लोगल्ली भेटतात, आणि चिनी शिकणारेही आता हळूहळू वाढताहेत. दोन्ही भाषांत 'माझं कुटुंब' हा धडा अगदी सुरुवातीला येतो. विद्यार्थी 'वडील' या शब्दासमोर एक परका शब्द लिहितो आणि पुढे जातो. अडचण तिथूनच सुरू होते, कारण या दोन्ही भाषांत वडिलांसाठी सगळीकडे चालेल असा एक शब्द नाही. वडील कोणाचे, आपण बोलतोय कोणाशी आणि ते हयात आहेत का, हे ठरल्याशिवाय शब्द निवडताच येत नाही. आपल्याला हे अवघड जायला नको. 'बाप', 'बाबा', 'वडील' आणि पत्रातलं 'तीर्थरूप' हे शब्द आपणही एकमेकांच्या जागी वापरत नाही.

खाली ज्या क्रमाने सांगतोय, त्याच क्रमाने शिका. म्हणींची घाई करू नका, त्या शेवटी येतील.

पायरी १: उच्चार देवनागरीत बसवून घ्या

चिनी शब्द रोमन लिपीत वाचले की मराठी माणूस हमखास फसतो. रोमन लिपीत जे 'बाबा' दिसतं, ते चिनी माणूस 'पापा'च्या जवळ म्हणतो. रोमन 'ब' म्हणजे आपला 'प', आणि रोमन 'प' म्हणजे ओठ मिटून, हवा सोडून म्हटलेला आपला 'फ'. तसंच रोमन 'द' म्हणजे आपला 'त' आणि रोमन 'ग' म्हणजे 'क'. प-फ, त-थ, क-ख हे भेद आपण लहानपणापासून करतो. इंग्रजीच्या वाटेने चिनी शिकणाऱ्याला जे घोकावं लागतं, ते आपल्याला फुकट मिळालंय. ते वापरा.

राहिले सूर. मँडरिन चिनीत चार सूर आहेत: पहिला उंच आणि सपाट, दुसरा चढणारा, तिसरा खाली दबलेला, चौथा वरून झटक्यात खाली येणारा. शिवाय एक हलका, बिनसुराचा उच्चार असतो. मी शब्दांपुढे सुराचा आकडा देतो आणि बिनसुराचं अक्षर तसंच सोडतो. म्हणजे 'पा४-पा': पहिलं अक्षर जोरात खाली आपटायचं, दुसरं हळूच सोडून द्यायचं. 'फू४' मधला फ मात्र 'फॅन'मधला.

जपानीत असे सूर नाहीत, पण ऱ्हस्व-दीर्घाला फार महत्त्व आहे. दीर्घ उच्चारासाठी मी अवग्रह वापरतो: 'ओतोऽसान'. 'ओजिसान' म्हणजे काका किंवा मामा, आणि 'ओजीऽसान' म्हणजे आजोबा. पन्नाशीतल्या गृहस्थांना चुकून आजोबा करायचं नसेल, तर हा फरक पहिल्याच आठवड्यात जिभेवर बसवा.

पायरी २: अक्षर एकदा हाताने काढा

वडिलांसाठीचं मूळ अक्षर दोन्ही भाषांत एकच आहे, आणि फक्त चार रेघांचं. वर दोन छोटे तिरके फटकारे, एकमेकांपासून लांब जाणारे, आणि खाली मोठी फुली. चिनीत त्याचा उच्चार 'फू४', जपानीत सुटं असताना 'चिचि' आणि जोडशब्दात 'फु'.

या अक्षराचं सर्वात जुनं रूप हाडांवर कोरलेलं सापडतं. त्यात एक हात आहे आणि हातात काहीतरी उभं धरलेलं आहे. इ.स. १०० च्या सुमारास श्वू शन या विद्वानाने आपल्या कोशात लिहिलं, की तो हात काठी उगारतोय आणि हा शब्द घराला वळण लावणाऱ्या कुटुंबप्रमुखाचा आहे. आजचे बरेच अभ्यासक म्हणतात, ती काठी नाही, दगडी कुऱ्हाड आहे. 'कुऱ्हाड' या चिनी अक्षरात आजही हे वडिलांचं अक्षर बसलेलं दिसतं, त्यामुळे मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. काठी असो वा कुऱ्हाड, राबणारा हात मात्र नक्की आहे.

रोजच्या 'पापा'च्या अक्षरात हेच चिन्ह वर असतं आणि खाली नुसता उच्चार दाखवणारा भाग. अठराव्या शतकातल्या छियेन ताशिन या पंडिताने दाखवून दिलं, की प्राचीन चिनीत 'फॅन'मधला फ नव्हताच. आज जिथे 'फू' म्हणतात, तिथे पूर्वी ओठ मिटून होणारा उच्चार होता. म्हणजे ग्रंथातला 'फू' हे बदललेलं रूप, आणि घरातल्या लेकरांच्या तोंडी जुना आवाज टिकून राहिला.

पायरी ३: जपानीत 'आपले' आणि 'त्यांचे' वेगळे ठेवा

या पायरीवर सर्वात जास्त वेळ घालवा. नियम असा: बाहेरच्या माणसाशी स्वतःच्या वडिलांबद्दल बोलताना 'चिचि', आणि समोरच्याच्या वडिलांबद्दल बोलताना 'ओतोऽसान'.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. जपानी कंपनीत मुलाखत चालू आहे आणि घरच्यांची विचारपूस झाली. तुम्ही म्हणता, 'चिचि वा गिन्कोऽइन देसु', माझे वडील बँकेत आहेत. हे बरोबर. त्याच जागी 'ओतोऽसान वा...' म्हटलंत, तर अर्थ कळेल, पण मोठं माणूस लहान मुलासारखं बोलतंय असं वाटेल. उलट त्यांच्या वडिलांची चौकशी करायची, तर 'ओतोऽसान वा ओगेन्कि देसु का'. इथे 'चिचि' म्हटलंत, तर तुम्ही स्वतःच्याच वडिलांबद्दल विचारताय असं होईल. पूर्ण आदराने बोलायचं तर 'ओतोऽसामा'.

मराठीत आपण स्वतःच्या वडिलांनाही आदरार्थी बहुवचनात ठेवतो: 'बाबा आले', 'वडील म्हणाले'. जपानीत बाहेरच्यासमोर आपल्या घरच्यांना उंच करायचं नसतं. नम्रता घराची, मान समोरच्याचा. आपल्या जिभेला हे सुरुवातीला टोचतं, वडिलांचा अपमान करतोय असं वाटतं. तसं ते नाही. घरात शिरल्यावर त्याच वडिलांना हाक मारायची ती 'ओतोऽसान' अशीच. कित्येक घरांत 'पापा', तर काही ठिकाणी 'तोऽचान'.

आणखी एक सवय लक्षात ठेवा. मूल झालं, की बायकोही नवऱ्याला 'ओतोऽसान' म्हणू लागते, कारण घरातली हाक सर्वात लहान माणसाच्या नजरेतून ठरते. 'अहो, बंड्याचे बाबा' म्हणणाऱ्या आज्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचं नवल वाटणार नाही.

'ओतोऽसान' हा सगळ्या देशाचा शब्द झाला तो शाळेमुळे. सरकारी पाठ्यपुस्तकं १९०४ पासून शाळांत आली, त्यांत हा शब्द होता, आणि प्रांतोप्रांतीचे, थराथरांतले वेगवेगळे शब्द मागे पडत गेले.

पायरी ४: चिनीत आधी साधं बोला, मग दरबारी

रोजच्या बोलण्यात स्वतःचे वडील म्हणजे 'वो३ पा४', माझे बाबा. 'माझा' दाखवणारा 'त' प्रत्यय नात्यांच्या शब्दांत सहसा गाळतात. तो घातला तर चूक नाही, पण पुस्तकी वाटतं. समोरच्याचे वडील म्हणजे 'नी३ पा४-पा', आणि ती व्यक्ती मोठी असेल तर 'निन२ फू४-छिन'. 'फू-छिन' हा शब्द लिहिण्याचा आणि उल्लेखाचा आहे, आपल्या 'वडील'सारखा. सहसा त्याने हाक मारत नाहीत. उत्तरेकडे आणि खेड्यांत 'त्ये१' ऐकू येतं, 'बा'च्या जवळचं. मोठी झालेली मुलं लाडाने 'लाव३-पा४' म्हणतात.

एवढं जमलं, की दरबारी जोडी शिका. 'च्या१-फू४' म्हणजे माझे वडील, 'लिंग४-त्सुन१' म्हणजे आपले वडील. 'श्येन१-फू४' म्हणजे माझे दिवंगत वडील. हे शब्द पत्रात, भाषणात आणि ऐतिहासिक मालिकांत भेटतात. यातली घोडचूक एकच: समोरच्याच्या वडिलांना 'च्या-फू' म्हणणं. 'च्या'मध्येच 'माझ्या घरचे' आलंय. चिनी लोकही इथे चुकतात, म्हणून त्यांच्याकडे पाठांतराचं एक सूत्र आहे: घरच्या मोठ्यांना 'च्या', घरच्या धाकट्यांना 'ष', बाहेरच्यांना 'लिंग'.

जुन्या चिनीत स्वतःच्या वडिलांना 'घरातले कडक' आणि आईला 'घरातली माया' असंही म्हणत. 'कडक बाप, मायाळू आई' हा चार अक्षरी वाक्प्रचार आजही सर्रास चालतो.

पायरी ५: सासरे, काका आणि मित्राचे वडील

चिनीत वडिलांचा थोरला भाऊ 'प्वो२-फू४' आणि धाकटा 'षू१-षु'. मामा वेगळा, 'च्यौ४-च्यौ'. म्हणजे आपला काका-मामा भेद तिथे आहेच, वर काकांत थोरला-धाकटा हा भेदही आहे. जपानीत बोलताना सगळेच 'ओजिसान', पण लिहिताना आई-वडिलांपेक्षा मोठा की लहान, त्याप्रमाणे अक्षर बदलतं. चिनी मित्राच्या घरी गेलात, तर त्याच्या वडिलांना 'षूषु' म्हणा. ते तुमच्या वडिलांहून वयाने मोठे दिसत असतील, तर 'प्वोप्वो' म्हणणं जास्त अदबीचं.

बायकोचे वडील चिनीत 'युए४-फू४'. त्यांचं दुसरं नाव 'थाय४-षान१', म्हणजे चक्क थायषान पर्वत. त्याची गोष्ट सांगतात ती अशी. इ.स. ७२५ मध्ये थांग सम्राट श्वेनत्सुंगने या पर्वतावर मोठा यज्ञविधी केला. व्यवस्था मंत्री चांग युएकडे होती. विधीनंतर त्याच्या जावयाची बढती नवव्या दर्जावरून एकदम पाचव्यावर झाली. सम्राटाने कारण विचारलं, तेव्हा दरबारी नट म्हणाला, 'ही थायषानची कृपा.' तेव्हापासून सासरा पर्वत झाला तो झालाच.

जपानीत सासऱ्यांचा उल्लेख 'गिफु', हाक मात्र 'ओतोऽसान'च. लिहिताना तेवढं एक वेगळं अक्षर घालतात.

पायरी ६: समजून घ्या, पण तोंडात आणू नका

काही शब्द रोज कानावर पडतात आणि चटकन उचलावेसे वाटतात. थांबा.

चिनी 'लाव३-त्स' म्हणजे बाप, आणि गुर्मीत बोलणारा माणूस स्वतःलाच तसं म्हणतो: 'मी तुझा बाप आहे' या थाटात. याच दोन अक्षरांचा दुसरा उच्चार, 'त्स'वर तिसरा सूर देऊन केलेला, म्हणजे ताओ परंपरेतला तत्त्वज्ञ. सूर सांभाळा.

'कान१-त्ये१' म्हणजे मानलेला बाप. जुन्या प्रथेत हे सन्मानाचं नातं होतं, पण गेल्या काही वर्षांत तरुण मुलीला पोसणारा पैसेवाला प्रौढ असा अर्थ त्याला चिकटलाय. परक्याने तो न वापरणंच बरं.

'फिन१-त्ये१' म्हणजे बापांची शर्यत: नोकरी, प्रवेश, लग्न, सगळं कोणाचा बाप किती मोठा यावर ठरणं. २०१० च्या आसपास हा शब्द इंटरनेटवर पसरला. एका पोलीस अधिकाऱ्याच्या मुलाने विद्यापीठाच्या आवारात गाडीखाली दोन विद्यार्थिनींना उडवलं, त्यांतली एक दगावली, आणि 'माझा बाप अमुक आहे' हे त्याचं वाक्य देशभर संतापाने बोललं जाऊ लागलं. हा शब्द हलकाफुलका दिसतो, पण त्यामागे खरी चीड आहे.

जपानी 'ओयाजि' गोड वाटतो. मोठी झालेली मुलं मित्रांत स्वतःच्या वडिलांना 'उचि नो ओयाजि' म्हणतात आणि त्यात प्रेम असतं. पण परक्याने दुसऱ्याच्या वडिलांना ओयाजि म्हटलं, तर ते 'म्हातारा' म्हटल्यासारखं आहे. 'ओयाजि ग्याग' मात्र बिनधास्त वापरा: प्रौढ पुरुष करतात त्या शाब्दिक कोट्या. नमुना म्हणून सगळे एकच सांगतात, 'फुतोन गा फुत्तोन्दा', गादी उडाली. पोरं कपाळावर हात मारतात आणि बाप खूश.

पायरी ७: म्हण घेताना ती कोणाकडे तोंड करून आहे ते बघा

म्हण पाठ करणं सोपं आहे, पण ती कोण कोणाबद्दल म्हणू शकतं हे कोशात क्वचितच लिहिलेलं असतं. माझ्या मते नवख्याने म्हणीचा अर्थ दुसऱ्यांदा वाचावा आणि ही दिशा पहिल्यांदा.

जपानी 'काएरु नो को वा काएरु', बेडकाचं पोर बेडूकच. आपल्या 'खाण तशी माती'जवळची. आई-वडील नम्रपणे स्वतःच्या मुलाबद्दल म्हणतात. दुसऱ्याच्या मुलाची तारीफ करायला ही म्हण काढलीत, तर बापलेक दोघांनाही बेडूक म्हटल्यासारखं होतं. 'तोबि गा ताका ओ उमु', घारीच्या पोटी बहिरी ससाणा, ही तर आणखी फसवी. मुलाचं कौतुक होतं, पण बाप घार ठरतो. त्याच्यासमोर म्हणू नका.

चिनी 'हू फू वू छ्युएन त्स', वाघाच्या पोटी कुत्रं जन्मत नाही, ही मात्र समोरच्याच्या तोंडावर म्हणायची. यात बाप आणि मुलगा दोघांचाही मान आहे. स्वतःच्या मुलाला जुन्या पद्धतीने 'छ्युएन-त्स', म्हणजे कुत्र्याचं पिल्लू, म्हणतात. म्हणून ही म्हण इतकी चपखल बसते. 'यो छी फू, पी यो छी त्स', जसा बाप तसा बेटा, ही स्तुतीलाही चालते आणि टोमण्यालाही, तेव्हा सूर बघून.

चिनी घरांत वडिलांवर जबाबदारी टाकणारी म्हण म्हणजे 'पोसलं पण शिकवलं नाही, तर दोष बापाचा'. तीन-तीन अक्षरी ओळींच्या 'सान-त्स-चिंग' या बालपाठातली ही ओळ, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ती घोकली आहे. 'बापाचं कर्ज मुलाने फेडावं' ही दुसरी. आजचा चिनी कायदा मात्र म्हणतो, की वारशात जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच जबाबदारी.

मला स्वतःला सर्वात जवळची वाटते ती कन्फ्यूशियसच्या संवादांतली एक ओळ: आई-वडिलांचं वय माहीत असलंच पाहिजे, एकीकडे आनंद म्हणून आणि एकीकडे भीती म्हणून. ते इतके जगले याचा आनंद, आणि आता किती उरलं याची भीती. तिथेच आणखी एक वचन आहे: आई-वडील हयात असताना दूर जाऊ नये, आणि जायचंच तर कुठे जातोय ते ठरलेलं असावं. परदेशी गेलेली चिनी मुलं हे वचन हटकून सांगतात, बहुतेक वेळा पहिला अर्धाच भाग. १ जुलै २०१३ पासून चीनच्या कायद्यातही लिहिलंय, की वेगळं राहणाऱ्या मुलांनी वृद्ध आई-वडिलांना वरचेवर भेटावं.

जपानी 'जिशिन, कामिनारि, काजि, ओयाजि': भूकंप, वीज, आग आणि बाप, भीतीच्या चार गोष्टी उतरत्या क्रमाने. हसून सोडून देण्यासारखी वाटते, पण त्या धाकाला कायद्याचा आधार होता. १८९८ च्या दिवाणी कायद्याने कुटुंबप्रमुखाला घरातल्यांची लग्नं आणि राहण्याची जागा यांवर अधिकार दिला होता. तो १९४७ मध्ये कायदा बदलला तेव्हा गेला. आज ही म्हण बहुधा 'आता कुठे राहिले तसे बाप' असं सांगायलाच निघते. २०१० मध्ये सरकारने मुलांना सांभाळणाऱ्या वडिलांसाठी मोहीम काढली आणि 'इकुमेन' हा शब्द घरोघरी गेला. घर चालवणाऱ्याला म्हणतात 'दाइकोकुबाशिरा', जुन्या लाकडी घराचा मधला जाड खांब. हे आता कमावत्या आईलाही म्हणतात.

वडिलांचे उपकार डोंगराहून उंच आणि आईचे समुद्राहून खोल, अशीही जपानी म्हण आहे. तिचं मूळ मुलांच्या एका जुन्या बौद्ध वळणाच्या पाठात आहे, आणि तिथे डोंगर साधासुधा नाही: वडिलांच्या उपकारांपुढे 'शुमिसेन'ही ठेंगणा. शुमिसेन म्हणजे आपला सुमेरू, बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे तिथवर गेलेला. चिनीतही 'फू आय रू षान' म्हणतात, बापाची माया डोंगरासारखी. भेटकार्डावर बिनदिक्कत लिहा.

पाठमोऱ्या बापाची प्रतिमा दोन्ही भाषांत आहे. जपानीत म्हणतात, मूल आई-वडिलांची पाठ बघत वाढतं. म्हणजे उपदेशाने नाही, वागण्याने. चिनीत पाठमोरा बाप म्हटलं, की चू त्सछिंगचा १९२५ मधला लेख आठवतोच. फुखौ स्टेशनवर मुलाला निरोप द्यायला आलेले जाडसर वडील रूळ ओलांडून, धडपडत फलाटावर चढून त्याच्यासाठी संत्री आणायला जातात, एवढंच त्यात घडतं. शाळेत तो सगळ्यांनी वाचलेला असतो. म्हणून कोणी चिनी मित्र म्हणाला, 'तू इथेच थांब, मी संत्री घेऊन येतो', तर तो थट्टेने तुमचा बाप बनतोय हे ओळखा.

आणि दुखवट्यात उपयोगी पडणारी एक: झाडाला स्थिर व्हायचंय पण वारा थांबत नाही; मुलाला सेवा करायचीय पण आई-वडील थांबत नाहीत. जपानीत तिचा भाव असा: 'कोऽकोऽ नो शिताइ जिबुन नि ओया वा नाशि', सेवा करावीशी वाटते तेव्हा आई-वडील नसतात. ज्याचे वडील गेलेत त्याला ही ऐकवू नका. ती त्याने स्वतः म्हणायची असते, आपण ऐकायची.

पायरी ८: वही आणि पहिलं कार्ड

वहीत प्रत्येक शब्दापुढे चार रकाने आखा: हाक की उल्लेख, कोणाचे वडील, कोणासमोर, हयात की दिवंगत. एक रकाना जरी भरता आला नाही, तरी तो शब्द अजून वापरायचा नाही. म्हणींसाठी पाचवा रकाना: कोण म्हणू शकतं.

मग खऱ्या माणसाला एक कार्ड लिहा. जपानीत 'ओतोऽसान, इत्सुमो आरिगातोऽ', बाबा, नेहमीच्या सगळ्यासाठी आभार. बहुतेक कार्डांवर हेच असतं. चिनीत 'फू४-छिन च्ये२ ख्वाय४-ल४', पितृदिनाच्या शुभेच्छा. जपान आणि चीनमध्ये हा दिवस जूनचा तिसरा रविवार. तैवानमध्ये मात्र ८ ऑगस्ट, कारण आठव्या महिन्याची आठवी तारीख चिनीत 'पा१-पा१' अशी ऐकू येते. ही कल्पना १९४५ मध्ये शांघायमध्ये निघाली, टिकली ती तैवानात. तुमचा मित्र तायपेचा असेल, तर जूनमध्ये शुभेच्छा पाठवू नका, ऑगस्टपर्यंत थांबा.